लहानूसाठी सोडलेली जागा

१

दुरुस्त झालेला टेपरेकॉर्डर गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी मी त्यात माझा स्वतःचा आवाज भरून बघतो. “हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन. आवाज येतो का?” बस, एवढंच. मग कॅसेट मागे घ्यायची, ऐकायची आणि पुसून टाकायची. सदर भागातल्या या दुकानात मी हा प्रश्न दिवसातून दहाबारा वेळा विचारत आलो आहे, आणि कुणी त्याचं उत्तर द्यावं अशी माझी कधी अपेक्षा नव्हती.

माझं नाव गिरिधर. स्वभावाने मी थोडा तिरसट आहे, हे माझी बायकोही सांगेल आणि गिऱ्हाइकंही. आवाज म्हटला की त्याला कारण असतं, असं मी मानतो. खरखर असेल तर हेड घाण झालंय, गुणगुण असेल तर कंडेन्सर गेलाय, गाणं डुलत असेल तर पट्टा सैल झालाय. भूतबाधा झाली म्हणून माझ्याकडे आणलेले तीन रेडिओ मी नुसत्या सोल्डरने बरे केले आहेत. त्यातल्या एकावर लिंबू-मिरची बांधलेली होती, ती मी तशीच राहू दिली.

चौऱ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत, दुपारच्या सुमाराला, तुळसाबाई दुकानात आल्या. साठीच्या आसपासच्या, काटक, पांढरं लुगडं नेसलेल्या. कोराडीच्या बसमधून उतरून थेट आल्या होत्या, कारण पायातल्या चपलांवर तिथल्या वीजघराची राख होती. टॉवेलमध्ये गुंडाळलेला रेडिओ-टेपचा जपानी टू-इन-वन त्यांनी काउंटरवर असा ठेवला की जणू झोपलेलं लेकरू ठेवतायत.

“भाऊ, याच्यात मधात कोणीतरी बोलते,” त्या म्हणाल्या.

“कोणतं तरी स्टेशन लागत असन, मावशी.”

“स्टेशन नाही गा. माणूस आहे.”

मी मान डोलावली. असली गिऱ्हाइकं मला नवी नव्हती. मी पेचकस शोधायला लागलो तर त्या म्हणाल्या, “आधी ऐकून तं घ्या.”

२

तुळसाबाईंचा एकुलता एक मुलगा लहानू वेल्डर होता. कोराडीच्या वीजघराच्या कामावर शिकला, आणि तिथूनच एका एजंटामार्फत इराकला गेला. तिथे लढाई चालू होती, पण कामही चालू होतं आणि पगार बरा होता. पहिल्या सुट्टीत त्याने हा टू-इन-वन आणला. मायला लिहिता येत नव्हतं आणि दुसऱ्याकडून पत्र लिहवून घ्यायला तिला संकोच वाटायचा. त्याने तिला दाखवलं, हे लाल बटण दाब आणि बोल, मला तिकडे ऐकू येईल.

ती बोलली. पण तिने आयुष्यात एकदाच, पोस्टात जाऊन, ट्रंक कॉल केलेला होता, आणि हेही तसंच असणार असं तिने धरलं. “जेवला का गा?” असं विचारून ती थांबली. बराच वेळ थांबली. मग तिला वाटलं त्याचं सांगून झालं असेल, आणि तिने पुढचं विचारलं. अख्खी कॅसेट तिने अशी भरली. प्रश्न, मग जागा, मग प्रश्न.

लहानूने ती ऐकली तेव्हा हसला असेल की रडला असेल, मला माहीत नाही. पण पोरगा हुशार होता. त्याने प्रत्येक मोकळ्या जागेवर कॅसेट थांबवून आपलं उत्तर भरलं आणि तीच कॅसेट सुट्टीवर येणाऱ्या माणसाबरोबर परत धाडली. मायने लावली तर काय, ती विचारते आहे आणि तो सांगतो आहे, दोघं जणू एकाच ओसरीवर बसलेले. तेव्हापासून हाच त्यांचा रिवाज झाला. ती जागा सोडायची आणि तो भरायचा.

दिवाळीपासून मात्र लहानूची कॅसेट आली नव्हती. पत्र नाही, मनीऑर्डर नाही, काहीच नाही. मौद्याचा देवराव म्हणून एक जण तिकडेच दुसऱ्या कॅम्पवर होता. तो सुट्टी संपवून महिनाअखेरीला परत जाणार होता आणि लहानूला शोधून कॅसेट पोचवीन म्हणाला होता. त्यासाठी तुळसाबाईंनी नवी कोरी कॅसेट भरली. बरोबर भरली का, म्हणून लावून पाहिली.

मीही लावून पाहिली. “जेवला का गा?” तुळसाबाईंचा आवाज आला, स्वच्छ. मग जागा. त्या जागेत, पार तळाशी, कुणीतरी दोन-तीन शब्द बोललं. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचं बोलणं ऐकू यावं, पण शब्द कळू नयेत, तसं.

“इरेज हेड,” मी लगेच म्हणालो. “जुनं पुसलंच जात नाही. खालचा जुना आवाज वर येतो.”

“कॅसेट तं नवी होती.”

“दुकानदार नव्या म्हणून काहीही विकतात, मावशी,” मी म्हणालो, आणि त्यांना दोन दिवसांनी यायला सांगितलं.

३

हेड बदललं. स्पिरिटने सगळा मार्ग पुसला, पट्टा नवा टाकला. दुकानात कोरी कॅसेट लावून माझा नेहमीचा प्रश्न भरला आणि ऐकला. पुढची जागा कोरी ठणठणीत होती. मी यंत्र टॉवेलमध्ये गुंडाळून दिलं आणि विसरून गेलो.

चार दिवसांनी त्या परत आल्या. या खेपेला मी हेडफोन लावून नीट ऐकलं. मनात यादी होती. कॅसेटच्या उलट बाजूचा आवाज गळत असेल तर शब्द उलटे ऐकू येतात. हे उलटे नव्हते. रेडिओ मिसळत असेल तर मागे कुठेतरी गाणं असतं, ते नव्हतं. उच्च दाबाच्या तारांची गुणगुण असेल तर ती सगळीकडे सारखी असते. ही फक्त जागांमध्येच होती. तुळसाबाई बोलायला लागल्या की सगळं बंद व्हायचं, आणि त्या थांबल्या की सुरू व्हायचं. सभ्य माणूस आपली पाळी येईपर्यंत थांबतो, तसं ते थांबत होतं.

आणि आवाजाच्या मागे एक खोली होती. हे मी कसं सांगू? प्रत्येक खोलीचा एक आवाज असतो, आमच्या धंद्यातल्या माणसाला तो कळतो. तुळसाबाई बोलायच्या तेव्हा मागे कवेलूच्या छपराच्या घराचा कोरडा आवाज होता. जागांमध्ये दुसरीच खोली होती, पक्क्या छताची. तिथे छताचा पंखा फिरत होता आणि दर फेऱ्याला एक बारीक टक असा आवाज करत होता. एकदा कुकरची शिट्टीही झाली.

“मावशी, तुमच्या घरी पंखा आहे?”

“पंखा कुठून? एक बल्ब आहे.”

“अन् कुकर?”

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी हेडफोन काढला. बाहेर सदरचं रोजचं दुपारचं चाललं होतं, रिक्षांच्या घंट्या, कुणीतरी पेरू विकत होतं. मला ते सगळं फार आवडलं त्या वेळी.

“भाऊ, मले वाटते, तो लहानूचा बाप असन,” तुळसाबाई म्हणाल्या. हे त्यांनी इतक्या साध्या सुरात सांगितलं की मला आधी कळलंच नाही. धोंडबा, त्यांचा नवरा, राखेच्या खात्यात कामाला होता. चार वर्षांमागे छातीच्या दुखण्याने गेला. “खोकला त्याचाच आहे. मी ओळखतो ना. तीस वर्षं आयकला.”

“मावशी, मेलेला माणूस कॅसेटमध्ये...”

“मले भेव नाही वाटत त्याचं,” त्या म्हणाल्या. “जिता होता तेव्हाही नाही वाटलं. पण तुम्ही तेवढं साफ करून द्या. काय म्हणते ते मले आयकू येऊ द्या. मले त्याले एकच विचाराचं आहे.” त्यांनी पदराने काउंटरवरची नसलेली धूळ पुसली. “लहानू त्याच्यापाशी आला का, तेवढं विचारतो.”

 माझा तिरसटपणा मला त्या क्षणी सापडेना. रविवारी मी स्वतः कोराडीला येतो, असं मी त्यांना सांगून बसलो.

४

कोराडीला त्यांचं घर कामगारांच्या वसाहतीच्या बाहेर, गावात होतं. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे वीजघराच्या चिमण्या, रस्त्यावर कोळशाचे ट्रक, आणि अंगणात वाळत टाकलेल्या चादरीवर राखेचा पातळ थर. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक बाज, एक लोखंडी पेटी, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि खाली लहानूचा फोटो, वेल्डरचा चष्मा कपाळावर सरकवलेला. सकाळचे अकरा वाजले होते. दारातून ऊन आत येत होतं.

मी खोली तपासली, उगाच तपासल्यासारखी. वर कवेलू आणि लाकडाच्या बल्ल्या. भिंतीला कान लावला. पलीकडे गोठा होता. शेजारी टीव्ही नाही, रेडिओ नाही. त्या वेळी तर वीजही गेली होती. वीजघराच्या दारात राहून वीज जाते यावर आम्ही दोघं थोडं हसलो, आणि मी सेल घालून यंत्र सुरू केलं.

बाहेरचा माइक लावला, कानाला हेडफोन. सवयीने आधी माझं म्हणून घेतलं, “हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन. आवाज येतो का?” मग तुळसाबाईंना खूण केली.

त्या बाजेवर पदर सावरून बसल्या, आणि आतापर्यंत माझ्याशी बोलत होत्या त्यापेक्षा वेगळ्याच, हलक्या आवाजात म्हणाल्या, “जेवला का गा?”

आणि थांबल्या. लहानूच्या फोटोकडे बघत, ओठ किंचित उघडे ठेवून. समोरचा माणूस सांगत असताना आपण थांबतो तशा. खोलीत काही नव्हतं. हेडफोनमध्ये त्यांचा श्वास, दूर एक ट्रक, बस. मी डोळे मिटून ऐकत होतो, आणि शपथेवर सांगतो, त्या जागेत तेव्हा काही नव्हतं.

“दाढ दुखते का अजून?” त्यांनी विचारलं. पुन्हा थांबल्या. “तिकडे बॉम्ब पडते म्हणतात, तुह्यापासून दूर आहे ना?” मग थांबल्या. “एकटा आहेस का रे राजा?” मग थांबल्या. आणि शेवटी, “कधी येशीन गा?”

शेवटची जागा त्यांनी सगळ्यांत मोठी सोडली. मग त्यांनीच हात पुढे करून बटण बंद केलं.

मी कॅसेट मागे घेतली, पण माझं ते एक-दोन-तीन ऐकण्यात वेळ घालवला नाही, पुढे सरकवून थेट त्यांच्या पहिल्या प्रश्नावर आणली. जागा आली आणि तळाशी ते पुटपुटणं आलं. मी हेडशेजारचा छोटा स्क्रू घेतला. या स्क्रूने हेडचा कोन बदलतो; कोन बरोबर बसला की दबलेला आवाज उघडतो. केसाएवढा फिरवला. पुटपुटणं वर आलं. अजून केसभर. पंख्याची टक स्पष्ट झाली. अजून थोडा.

“हो माय,” म्हाताऱ्या माणसाचा घोगरा आवाज माझ्या कानात म्हणाला, “जेवलो.”

मी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. तुळसाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“काय म्हणते?”

“अजून साफ नाही,” मी म्हणालो. “दुकानात न्यावी लागन.”

धोंडबा तिला माय कशाला म्हणेल?

५

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळेला मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. टेबलावर दिवा लावला, कॅसेट सुरुवातीला घेतली. माझं मन मला सांगत होतं की लहानूने मागे कधीतरी म्हाताऱ्याची नक्कल केली असेल, मित्रांनी चेष्टा केली असेल. मी स्वतः आदल्या दिवशी कोऱ्या कॅसेटचं पाकीट फोडलं होतं, हे मी त्या वेळापुरतं बाजूला ठेवलं होतं.

“हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन,” माझाच आवाज आला. “आवाज येतो का?”

पंखा. टक. टक.

“येतो, गिरिधरभाऊ,” म्हातारा म्हणाला. “तुमचा बी येतो.”

 माझ्या हातात पेचकस होता आणि तो मला घट्ट धरून ठेवावासा वाटत होता. मला माझं नाव घेऊन, माझ्या प्रश्नाला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा उत्तर मिळालं होतं. त्यात वाकडं काही नव्हतं. आवाजात जिव्हाळा होता, जुन्या ओळखीच्या माणसाशी बोलावं तसा. त्यामुळेच मला भीती वाटली. मी त्या आवाजाला ओळखत नव्हतो आणि तो मला कितीतरी दिवसांपासून ओळखत होता.

उठून शटर वर करावं, भेळवाल्याशी दोन शब्द बोलावे, असं वाटलं. पण मध्येच बंद करणं मला जमेना. कुणी बोलत असताना उठून जावं तसं ते झालं असतं.

“जेवला का गा?” “हो माय, जेवलो.”

“दाढ दुखते का अजून?” यावर तो हसला. हसता हसता खोकला आला, तुळसाबाईंनी ओळखलेला तोच बापाचा खोकला. “दाढ कुठं राहिली, माय, आता? एक बी नाही तोंडात.”

“तिकडे बॉम्ब पडते म्हणतात, तुह्यापासून दूर आहे ना?” “ते सारं मागं राहिलं, माय. लय मागं.”

“एकटा आहेस का रे राजा?”

इथे त्याने लगेच उत्तर दिलं नाही. कुठेतरी दार वाजलं, अनवाणी पावलं धावत आली, आणि लहान मुलीचा आवाज आला, “आबा, कोणासंग बोलून राहिले?”

“माह्या मायसंग,” म्हातारा म्हणाला. “ये, बस इथं. बोलू नको मधात.”

मी डोळे पुसले. का ते मला सांगता येत नाही. भीती गेली नव्हती. ती बाजूला सरकून बसली होती, एवढंच.

“कधी येशीन गा?”

ती मोठी जागा आली. पंखा किती तरी फेरे फिरला. मुलगी गप्प होती. मला वाटलं तो बोलणारच नाही. मग तो बोलला, आणि आवाज पार खाली गेलेला होता.

“आलो होतो, माय. येतच होतो. उशीर झाला थोडा.”

मग फक्त कॅसेटची सळसळ राहिली.

 लहानू म्हातारा होणार होता. लढाईतून, उन्हातून, जे काय असेल त्यातून निभावून तोंडात एक दात न उरेपर्यंत जगणार होता, पक्क्या घरात राहणार होता, नातीला मांडीशी बसवणार होता. तुळसाबाईंना हवं ते उत्तर या कॅसेटमध्ये होतं, त्यांनी मागितलं त्याच्या दसपट होतं. आणि शेवटच्या जागेत दुसरंही एक उत्तर होतं, जे त्यांनी मागितलेलं नव्हतं.

मी शेवटचा प्रश्न संपतो तिथे कॅसेट थांबवली. लाल बटण दाबलं आणि श्वास रोखून बसलो. त्या जागेवर सदरची दुपार भरली जाऊ दिली, एक रिक्षाची घंटा, कुणाचं तरी खाकरणं. दुसऱ्याच्या कॅसेटमधलं काही मी तोवर कधी पुसलं नव्हतं. ते बरं केलं की वाईट, याचा निकाल मला आजही लावता येत नाही.

६

तुळसाबाई बुधवारी आल्या. मी त्यांना आत खुर्चीवर बसवलं, हेडफोन त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि पदर नीट केला. त्यांना काय सांगावं याची मी दोन दिवस जुळवाजुळव केली होती. त्यातलं काही न सांगता मी कॅसेट त्यांच्या पहिल्या प्रश्नापासून लावली.

पहिल्या उत्तराला त्यांनी हात उचलला, मला गप्प राहा म्हणून, मी गप्पच होतो तरी. दुसऱ्याला त्यांच्या भुवया जवळ आल्या. त्यांनी मला कॅसेट मागे घ्यायची खूण केली, पुन्हा ऐकलं, आणि हात तोंडावर नेला.

“हे लहानूचा बाप नाही,” त्या म्हणाल्या.

“नाही, मावशी.”

त्या पुढे ऐकत राहिल्या. मुलीच्या आवाजापाशी त्या खुर्चीत पुढे सरकल्या, जणू ती आत कुठे बसली आहे ते दिसेल.  मी समोरच्या फळीवरचे रेडिओचे जुने व्हॉल्व्ह मोजत बसलो. कॅसेट संपली तेव्हा त्यांनी हेडफोन काढला, दोन्ही हातांत धरला. त्या रडत होत्या आणि चेहरा हसत होता.

“म्हातारा झाला गा माहा लहानू,” त्या म्हणाल्या. “आयकलं का भाऊ? दात गेले त्याचे.”

“आयकलं.”

“तो होऊ शकते ना म्हातारा? म्हणजे हे असं असते ना?”

आयुष्यभर प्रत्येक आवाजाचं कारण सांगत आलेल्या मला याचं कारण माहीत नव्हतं. “होतो, मावशी,” मी म्हणालो. “होणारच.”

त्यांनी हेडफोन टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “शेवटी काही नाही. गाडीची घंटी आहे.”

“तिथं टेप खराब होती.”

तुळसाबाईंनी माझ्याकडे बघितलं. साठ वर्षं माणसं ओळखत आलेल्या बाईपुढे खोटं बोलणं किती अवघड असतं, ते मला तेव्हा कळलं.

“असू द्या,” त्या म्हणाल्या. “सारंच कशाले आयकाचं? म्हातारा झाला, पुरे.”

ती कॅसेट त्यांनी देवरावबरोबर पाठवली नाही. “हे अजून त्याचं नाही,” म्हणाल्या. देवरावला त्यांनी दुसरी भरून दिली, आणि त्यानंतरही वर्षभर भरून पेटीत ठेवत राहिल्या. भरलेल्या कॅसेटी कधी लावून पाहिल्या नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, “ते त्याचं बोलणं आहे, मी काहून आयकू?” जागा मात्र त्या आता दुप्पट मोठ्या सोडायच्या. “म्हातारा माणूस सावकाश बोलते,” असं त्यांनी मला समजावून सांगितलं.

७

मे महिन्यात देवरावचं पत्र आलं. लहानूचा कॅम्प हलवलेला होता, पासपोर्ट ठेकेदाराकडे अडकलेला होता, पण लहानू धडधाकट होता. सुटका व्हायला पुढची जानेवारी उजाडली. त्याच जानेवारीत थंडीने तुळसाबाईंची छाती भरली आणि चार दिवसांत त्या गेल्या. लहानू नऊ दिवसांनी पोचला.

महिन्याभराने तो माझ्या दुकानात आला. सत्तावीस-अठ्ठावीसचा, उन्हाने काळवंडलेला, फोटोत होता तसाच. हातात तो टॉवेल, टॉवेलमध्ये टू-इन-वन, आणि पिशवीत कॅसेटी.

“मायच्या पेटीत होत्या,” तो म्हणाला. “सगळ्यांत वर ही होती. लावली तं डुलून राहिली. देवरावसंग आलेल्या कॅसेटीत तिनं तुमचंच नाव सांगितलं होतं.”

पट्टा सैल झाला होता. मी नवा टाकला, हेड पुसलं.  मग त्याच्यासमोर मी ती कॅसेट सुरुवातीपासून लावली, कारण नाही लावली असती तर तो म्हणाला असता, तपासून द्या.

“हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन. आवाज येतो का?”

मी टेबलाची कड धरून ठेवली. पुढची जागा कोरी होती. पंखा नाही, टक नाही, काहीच नाही. नुसती सळसळ.

“हे तुम्ही होय?” लहानूने विचारलं. मी हो म्हणालो. “मंग येतो, गिरिधरभाऊ,” तो थट्टेने म्हणाला. “तुमचा बी येतो.”

मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. तेवढ्यात तुळसाबाई म्हणाल्या, “जेवला का गा?”

लहानूचा चेहरा उतरला. तो काउंटरवर वाकला, यंत्राच्या अगदी जवळ. कोऱ्या जागेची सळसळ चालू होती. “माह्यासाठी जागा सोडली मायनं,” तो स्वतःशीच पुटपुटला, आणि मग, मी तिथे आहे हे विसरून, हळूच म्हणाला, “हो माय. जेवलो.” शेवटी त्याला थोडा खोकला आला.

मी बटण बंद केलं. यंत्र त्याच्या टॉवेलमध्ये गुंडाळलं, कॅसेटी पिशवीत भरल्या, हेड महिन्यातून एकदा स्पिरिटने पुसत जा म्हणून सांगितलं. तो म्हणाला, राहू द्या, सगळं इथेच ऐकून घेतो, घरी एकट्याने ऐकवत नाही.

“घरीच आयक,” मी म्हणालो. “घाई नको करू. तुह्यापाशी लय वर्षं आहेत.”